काचेच्या मळ्यातला पक्षी

९ सप्टेंबर २०१७, शनिवार. किचनर

ओर्तो दि व्हेत्रो येत आहेत. शनिवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळी, मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये. सकाळी मंडळातल्या जयदीपने फोन करून सांगितलं. त्याला बँडच्या मॅनेजरबाईंची ईमेल आली आहे, आणि मी मागितल्यावर त्याने ती मला पाठवलीसुद्धा. मंडळाच्या वार्तापत्राला इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, म्हणून इथेही आधी बातमी आणि ती कुणी दिली ते.

बाकीचं असं की मला आनंद व्हायला हवा होता आणि सकाळपासून मी काय काय बिघडेल याची यादी करतोय.

मुळात ही तारीख टोरांटोची होती. तिथल्या आयोजकाने ऐनवेळी हात वर केले. जयदीपने मग मॅनेजरबाईंना लिहिलं, की इथे वॉटर्लू-किचनरला आमचं मराठी मंडळ आहे, हॉल आहे, माणसं आहेत, आणि आमचे एक काका १९७६ साली विंडसरच्या इटालियन क्लबात तुमचे अँप्लिफायर उचलायला होते. ते काका म्हणजे मी. शेवटच्या वाक्याने काम झालं म्हणतो. दौऱ्यात आता दोनच कार्यक्रम: मॉन्ट्रियल आणि आपण. त्यानंतर बँड बंद. म्हणजे शेवटचा कार्यक्रम आमच्याकडे, आणि तो नीट झाला नाही तर तोही आमच्यामुळेच.

बायकोला, वीणाला, सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि हसली. हल्ली ती इतकं हळू बोलते की दर वेळी 'काय?' म्हणायचा मला कंटाळा येतो. मीही हसलो.

१३ सप्टेंबर, बुधवार

कार्यक्रमपत्रिकेसाठी बँडची माहिती लिहायला बसलो. मंडळातल्या लोकांना कळेल अशी, म्हणजे एका पानात.

ट्युरिनमधली चार मुलं. चौघांचेही वडील तिथल्या मोटारींच्या कारखान्यात. १९७१ साली बँड काढला, नाव ठेवलं ओर्तो दि व्हेत्रो, म्हणजे 'काचेचा मळा'. पहिली रेकॉर्ड कुणी ऐकली नाही. दुसरी १९७४ची, 'इल मेर्लो'. मेर्लो म्हणजे तिकडचा एक काळा गाणारा पक्षी. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट: कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पक्षी अडकतो. ऑर्गन आणि ड्रम म्हणजे प्रेस, पत्रा ठोकणाऱ्या. त्या ठोकत राहतात, ठोकत राहतात, आणि मग पाळी संपते, एकेक मशीन बंद पडतं आणि शेवटी नुसता पक्षी उरतो. तो वाजवतो सांद्रो गारेल्ली, पिकोलोवर. पिकोलो म्हणजे बासरीची धाकटी बहीण, दीड वीत लांब. रेकॉर्ड त्यावरच संपते. तिसरी रेकॉर्ड पडली, तोवर लोकांना नाचायची गाणी हवी होती. ७८ साली बँड मोडला. की-बोर्डवाला माउरो शाळेत संगीत शिकवायला लागला, सांद्रो पोस्टात लागला. पुढे जपानमधल्या शौकिनांनी ती रेकॉर्ड उकरून काढली, मग इंटरनेटवर पोरांना सापडली, आणि सत्तरीला आलेले हे लोक चार वर्षांपूर्वी पुन्हा एकत्र आले. ड्रमर वारला होता. त्याच्या जागी माउरोचा पुतण्या.

मला ही रेकॉर्ड दीनोने दिली. विंडसरच्या प्लांटमध्ये आम्ही दोघं क्वालिटीला होतो, प्रेसच्या रांगेतच उभे. तो म्हणायचा, 'रवी, हे आपल्यावर केलंय.' कानात घालायला बोळे मिळायचे, पण पत्र्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला आकार देणारी डाय बिघडलेली कळायची नाही, म्हणून आम्ही ते काढून खिशात ठेवायचो. दीनो असता तर आज सगळं त्याच्यावर सोपवलं असतं.

लिहिता लिहिता जुनी रेकॉर्ड लावली. झिजली आहे. प्रेस दणक्यात वाजतात, पक्षी मात्र पार पुसला गेलाय. चाळीस वर्षं सुई फिरवल्यावर दुसरं काय होणार? म्हणून जयदीपने आणलेली नवी सीडी लावली, तर तिच्यात त्याहून वाईट. आवाज साफ करताना त्या शहाण्यांनी पक्षीच साफ केलाय. जयदीपला म्हटलं, कंपनीला कडक शब्दांत लिही. तो 'हो काका' म्हणाला.

ता. क. फ्रिज बारीक शिट्टी मारतोय. माणूस बोलावला आहे.

१६ सप्टेंबर, शनिवार

फ्रिजचा माणूस येऊन गेला. काही दोष नाही म्हणतो. शिट्टी चालूच. वीणा म्हणाली, फ्रिजचं सोडा, त्या क्लिनिकमध्ये जाऊन या. डोळे, दात, कान, गुडघे, तिच्याकडे प्रत्येकासाठी एक क्लिनिक असतं. म्हटलं, कार्यक्रम होऊ दे.

२४ सप्टेंबर, रविवार

आमच्या बेसमेंटमध्ये बैठक. प्रभाताई (यंदाच्या अध्यक्ष, पूर्वी विंडसरला डॉक्टर), जयदीप, आणखी पाचसहा जण. सगळे एकदम बोलतात आणि तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यामुळे अर्धं सुटलं. जे कळलं ते असं.

प्रभाताईंनी विचारलं, "मध्यंतर नाही म्हणजे? मग वडे कधी खायचे?"

जयदीप म्हणाला, "ताई, त्यांचं एकच गाणं अर्धा कार्यक्रम चालतं."

"चालू दे की. मधे श्वास घेतात ना? तेव्हा चहा."

"ताई, श्वास बासरीवाला घेतो. आपण नाही."

"तू नागपूरचा, तुला वडा-भात कळतो, बटाटेवड्यातलं काय कळणार? गार वडे मी कुणाला देणार नाही. माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षात तर मुळीच नाही."

शेवटी ठरलं: मध्यंतर नाही, वडे नंतर, तळणं शेवटच्या टाळ्यांबरोबर सुरू. टाळ्या कधी वाजवायच्या हे लोकांना कळणार नाही, म्हणून ती जबाबदारी माझ्यावर. मी पहिल्या रांगेत बसेन, शेवट झाला की उठेन आणि टाळ्या सुरू करेन, म्हणजे मागचे वाजवतील. स्वयंपाकघरही माझ्याकडेच बघून कढई तापवणार.

राहण्याची सोय मंडळाच्या पद्धतीने, म्हणजे सभासदांच्या घरी. हॉटेल नाही. गायक येवो, कीर्तनकार येवो, आपल्याकडे पाहुणा घरातच उतरतो. जयदीपला जरा ओशाळं वाटलं, पण मॅनेजरबाई म्हणाल्या की चालेल, म्हातारे खूश होतील. माउरो आणि पुतण्या जयदीपच्या काँडोत, बास गिटारवाला प्रभाताईंकडे, सांद्रो आमच्याकडे.

मग जयदीपने टीव्हीवर गेल्या वर्षीच्या ओसाकाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला, शेवटचा भाग. तेव्हापासून मला चैन नाही. प्रेस थांबल्या. सांद्रो माइक सोडून पुढे आला, पिकोलो ओठाला लावली. आणि काही नाही. माणूस उभा आहे, बोटं हलताहेत, गाल हलताहेत, आवाज नाही. बराच वेळ. मग जपानी लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आमच्या बेसमेंटमध्येही कुणी हलेना. जयदीपने चष्मा काढून पुसला.

मी नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय वाटलं?"

"काका, शब्द नाहीत."

म्हणजे त्यालाही दिसलं. म्हाताऱ्याची फुंक गेली आहे, आणि सगळे मिळून ते झाकताहेत. पोरगा सज्जन आहे, मोठ्या माणसाबद्दल तोंडाने बोलणार नाही.

३० सप्टेंबर, दसरा

वीणाने श्रीखंड केलं. लेकीचा, ऊर्मीचा, कॅलगरीहून फोन. नातवाला, आरवला, फोनवर दिलं, तो भराभरा इंग्रजीत काहीतरी सांगत होता, एक अक्षर कळलं नाही. मुलं हल्ली स्पष्ट बोलत नाहीत. म्हटलं, "व्हेरी गुड." ऊर्मी वीणाशी बराच वेळ बोलली. दोघी मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. वीणा बघत होती असं म्हणायचं आहे.

गाडीलाही शिट्टी लागली आहे. हायवेवर नाही, उभी असताना.

८ ऑक्टोबर, रविवार

काल मॉन्ट्रियलचा कार्यक्रम झाला. जयदीपचा तिथला एक मित्र गेला होता. त्याने लिहिलंय, शेवटी हॉलमध्ये लोक रडत होते. तेच मला नको आहे. एखाद्याला काही जमत नाही म्हणून लोकांनी रडावं, याला कार्यक्रम म्हणत नाहीत. आणि आमच्याकडे रडणार नाहीत, खुर्च्या सरकवतील, मोबाइल काढतील. मागे एका नामवंत गायकाचा सूर लागेना तेव्हा आपल्याच लोकांनी काय केलं ते मी पाहिलं आहे.

ऑर्गन एका चर्चकडून मिळाला. जयदीपच्या ऑफिसमधल्या पोरांनी उचलून आणला. मंगळवारी मंडळी पोचतील.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सांद्रो आला. वाळलेला, उंच, अंगात दोन स्वेटर. पोस्टात होता ते शोभतं, बूट बाहेरच्या पायपुसण्यावर अगदी सरळ रेषेत ठेवले. इंग्रजी बेताचं, माझं इटालियन दीनोकडून शिकलेलं, म्हणजे चारचौघांत वापरण्याजोगं नाही. शिवाय फार हळू बोलतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, त्यावरून पुष्कळ कळलं.

वीणाने वरण-भात-तूप-लिंबू वाढलं. दोनदा घेतलं. म्हणाला, आई आजारपणात असंच काहीतरी करायची. वीणाने लगेच ठरवलं की तो आजारी आहे, आणि जायफळ घालून दूध दिलं.

जेवताना त्याने मला विचारलं, मी कुठे काम करायचो. सांगितलं, विंडसर, प्रेस शॉप. त्याने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "माझे वडीलही." एवढंच.

मला हा माणूस आवडला. म्हणूनच काळजी वाढली.

११ ऑक्टोबर, बुधवार

सांद्रो सराव करत नाही.

सकाळी चहा झाल्यावर पिकोलोची पेटी घेऊन बेसमेंटमध्ये गेला, दार लोटलं. मी जिन्याच्या वर उभा राहून कानोसा घेतला. काही नाही. पुन्हा गेलो, पुन्हा काही नाही. जेवायच्या वेळी वर आला तेव्हा कपाळावर घाम होता. बिचारा नुसता बसून राहतो, आणि आम्हाला वाटावं की वाजवतोय.

त्यात शेजारच्यांचा टकर. एरवी गरीब कुत्रा, आज सकाळभर कुंपणाला नाक लावून आमच्या बेसमेंटच्या खिडकीकडे भुंकत होता. शेजारीण माफी मागायला आली. म्हणाली, असं कधी करत नाही.

वीणा मजेत आहे. भाजी चिरताना पक्ष्याची धून गुणगुणत होती. मी थक्क झालो. ही रेकॉर्ड लावली की ती खोलीतून उठून जायची. म्हटलं, "तुला बरी पाठ!" ती म्हणाली, "सारखं कानावर पडतंय." इतक्या वर्षांचा माझा प्रचार अखेर फळाला आला म्हणायचा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज तालीम. जे भय होतं तेच झालं, आणि मी एक निर्णय घेतला. बरोबर की चूक, ते लिहून बघतो.

एलआरटीच्या, म्हणजे नव्या ट्रामच्या, कामामुळे रस्ते खणलेले, आम्ही उशिरा पोचलो. सुरुवात छान. म्हातारे असले तरी प्रेस काय वाजवल्या! माझ्या पायाखालची जमीन हलली, विंडसरसारखी. दीनोची इतकी आठवण आली की मी मागे जाऊन उभा राहिलो. मग मशीन एकेक थांबली. माउरोने हात उचलले. सांद्रो माइकपासून लांब, स्टेजच्या टोकाला आला. पिकोलो ओठाला.

काही नाही. हॉलच्या हीटिंगची शिट्टी तेवढी.

मी आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या मांडणारी पोरं खुर्च्या हातात धरून उभी. प्रभाताई स्वयंपाकघराच्या दारात, झारा हातात, तशाच. कुणी कुणाकडे बघेना. लाजेने माणसं जशी गप्प होतात तशी.

हे शनिवारी दोनशे लोकांपुढे होणार. आणि टाळ्या मी वाजवायच्या.

जयदीपला बाहेर घेतलं. म्हटलं, "शेवट काढायला सांगतो. प्रेस थांबल्या की दिवे घालवायचे, संपलं."

त्याचं तोंड उघडं राहिलं. "पक्षी काढायचा? काका, काहून?"

"तू ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकलं ना! म्हणून तर…"

"मग मला बोलायला लावू नकोस. त्याची अब्रू राखायची आहे."

तो बूट घासत उभा राहिला. "तुम्ही त्यांना इतकी वर्षं ऐकताय, काका. मी काय सांगणार? तुम्ही म्हणता तर… ठीक आहे."

मग माउरोला स्वयंपाकघरात गाठलं. दाराशी, बाकीच्यांना पाठ करून. सरळ सांगितलं: सांद्रोचा आवाज येत नाही, लोक हसतील, आमच्याकडचे लोक मी ओळखतो. माउरोने डोकं तिरकं करून माझ्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, "अजिबात येत नाही?" म्हटलं, अजिबात. त्याचा हात त्याच्या लांब केसांत, कानामागे गेला, काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात प्रभाताई नमुन्याचा वडा घेऊन आल्या आणि त्याच्या तोंडात घातला. ते राहूनच गेलं.

जेवणाच्या टेबलावर सांद्रोने भात पुढे सारला. लवकर खाली झोपायला गेला. वीणाने विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"मी नाही. माउरोने सांगितलं असेल."

"काय?"

सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी ऊर्मीच्या फोनच्या वेळी बघत होती. मग उठून भांडी घासायला लागली. डिशवॉशर असताना.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुठून सुरुवात करावी कळत नाही. पण क्रमाने लिहितो.

सकाळी सांद्रो पेटी न घेता खाली उतरला, फक्त कोट आणायला. फिरून येतो म्हणाला. पिकोलोची पेटी जेवणाच्या टेबलावर, बंद. टकरही गप्प.

वीणाने समोरची खुर्ची ओढली. शब्द सगळे कळले, आवाज मला साधाच वाटला, पण तिच्या गळ्याची शीर फुगलेली दिसली, आणि तेव्हा मला जाणवलं की ती ओरडून बोलतेय.

"अहो, तो माणूस आल्यापासून सकाळी वाजवत होता. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. मला येतं ऐकू. जयदीपला येतं. त्या कुत्र्याला येतं. तुम्हाला येत नाही."

म्हटलं, "जुनी रेकॉर्ड झिजलीय. सीडीत त्यांनी…"

"रेकॉर्ड झिजली, सीडी बिघडली, फ्रिज शिट्टी मारतो, गाडी शिट्टी मारते, आरव पुटपुटतो, मी पुटपुटते. आणि सांद्रोची फुंक गेली. सगळं जग बिघडलं, तुमचे कान तेवढे फर्स्ट क्लास!"

मला राग आला. खूप. जन्मभर क्वालिटीत काम केलेल्या माणसाला हे कुणी ऐकवायचं? म्हटलं, चाचणी घेऊ. तू भिंतीकडे तोंड करून बस. पक्षी सुरू झाला की हात वर, संपला की खाली.

बसली. जुनी रेकॉर्ड लावली. प्रेस, प्रेस, प्रेस, मग एकेक बंद. मला वाटलं होतं ती अंदाजाने लगेच हात वर करेल आणि मी तिला पकडेन. तिने केला नाही. जरा थांबली. शांतता. मग तिचा हात वर गेला. माझ्या लेखी शांतताच चालू होती. तिची बोटं वर असताना हलायला लागली, धुनीबरोबर. खूप वेळाने हात खाली आला.

सीडी लावली. तेवढीच थांबली, तिथेच हात वर, तिथेच खाली.

पुन्हा रेकॉर्ड लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्पीकरला कान चिकटवून बसलो होतो. शिट्टी ऐकू येत होती. माझीच.

प्लांटमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. पार्ट मापात बसला नाही तर आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपास. गेज न तपासता पार्ट रिजेक्ट करणाऱ्याला दीनो सगळ्यांसमोर शिव्या घालायचा.

काल मी सांद्रोला रिजेक्ट केला. आणि जयदीपला कळत होतं. काकांसमोर कसं बोलायचं म्हणून गप्प बसला, मी वळण लावलेलाच की तो. कार्यकर्त्यांनी उलट बोलायचं नाही ही माझ्याच अध्यक्षपदातली शिस्त.

वीणाने टेबलावरून फोन उचलला आणि क्लिनिकची सोमवारची वेळ घेतली. मी ती कॅलेंडरवर लिहिली.

दुपारी माउरोला भेटायला जयदीपच्या काँडोत गेलो. मी बोलायच्या आधीच त्याने केस बाजूला केले. दोन्ही कानांमागे ऐकायची मशिनं. एक काढून हातावर ठेवलं, वाटाण्याएवढं. "हे नसेल तर मलाही येत नाही," म्हणाला. "काल तुला हेच सांगणार होतो. वडा आला."

"मग तू त्याला का सांगितलंस?"

"तू यजमान आहेस. त्याला म्हटलं, यजमानाला शेवट नको आहे. का, ते नाही सांगितलं. ते तू सांग."

सांद्रो अजून फिरून आलेला नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार. दुपार

काल तो परतला तो थेट झोपायला गेला. आज सकाळी चहाच्या वेळी त्याला सांगितलं. तीन भाषांची खिचडी करून, हाताने कान दाखवून, प्रेस कशा आदळतात ते टेबलावर मूठ आपटून. कप उडाले. माफी कशी मागायची हे दीनोने शिकवलं नव्हतं, म्हणून ती मराठीतच मागितली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मला मंगळवारीच कळलं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. वडील तसेच बघायचे."

मग सावकाश सांगितलं. पक्ष्याची धून त्याने बसवली तेव्हा वडील घरी होते, कारखान्यातून निवृत्त. तो त्यांच्यासमोर उभा राहून वाजवायचा. ते खांद्यांकडे बघायचे, खांदे खाली आले की म्हणायचे, छान झालं. त्यांनी ती धून कधी ऐकली नाही. "म्हणून मी माइक सोडून पुढे येतो," म्हणाला. "ते पहिल्या रांगेत असायचे."

"मग आज वाजव."

"चाळीस वर्षं मी धरून चाललो होतो की कुणीतरी एकजण ऐकत नाहीये. परवा पहिल्यांदा त्या एकाने नको म्हटलं." त्याने पेटीवर बोटं फिरवली, उघडली नाही. "संध्याकाळी बघू."

मी आणखी आग्रह करणार होतो. वीणाने टेबलाखालून पाय दाबला. तिने त्याच्यापुढे पोहे ठेवले आणि मला बाहेर गाडी भरायला पाठवलं.

जयदीपला फोन करून सांगितलं, शेवट काढायचा नाही, दिवे घालवायचे नाहीत, आणि का तेही. बराच वेळ तो काही बोलला नाही, किंवा बोलला आणि मला कळलं नाही. मग मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "काका, टाळ्या मी सुरू करू का?"

म्हटलं, नाही. सगळे माझ्याकडेच बघणार आहेत. प्रभाताईंची कढईही. ऐनवेळी बदललं तर घोळ होईल.

पण त्यातच खरी भीती आहे. प्रेस थांबल्यावर तो वाजवेल की नाही, माहीत नाही. वाजवलं तर कधी संपलं ते मला कळणार नाही. खांद्यांवर भरवसा ठेवावा तर मधे श्वास घ्यायलाही खांदे पडतात. मी मधेच उठून टाळ्या वाजवल्या, तर दोनशे लोक माझ्यामागून वाजवतील आणि त्याचा शेवटचा पक्षी माझ्या हातून मरेल. परवा एकदा मारायला निघालोच होतो.

वीणाने तोड काढली आहे. ती शेजारी बसेल, माझा हात तिच्या हातात. पक्षी सुरू झाला की ती दाबेल. चालू आहे तोवर दाबून धरेल. संपला की सोडेल. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, या वयात पहिल्या रांगेत हातात हात. ती म्हणाली, म्हणू देत.

गाडी भरून झाली. निघायला अजून थोडा वेळ आहे, म्हणून हे लिहायला बसलो. सांद्रो खाली आहे. जेवणाच्या टेबलावर मघाशी पेटी होती, आता दिसत नाही, पण ती वीणानेही हलवली असेल.

बाहेर टकर भुंकायला लागला आहे. खिडकीतून दिसतोय, कुंपणाला नाक लावून, तोंड आमच्या बेसमेंटकडे. वीणा ओट्याशी उभी आहे, नळ बंद करून. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ओला हात वर केला.

अजून वर आहे.

संध्याकाळचं असं ठरलं: प्रेस थांबतील, माउरो हात उचलेल, सांद्रो पुढे येईल. मी समोर बघायचं, खांद्यांवर विश्वास ठेवायचा नाही. वीणाने हात सोडला की उठायचं. त्याआधी नाही.